करमणुकीपुरत्या खेळासाठी लॅपटॉपमध्ये स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड हवेच काय?

लॅपटॉप घेताना जे अनेक निर्णय करावे लागतात, त्यांपैकी बहुतेकांची दुरुस्ती मागाहून होऊ शकते. साठवण अपुरी पडली तर मोठी डिस्क बसविता येते. पुष्कळशा यंत्रांत रॅमची आणखी एक पट्टी घालता येते. बॅटरी थकली तर ती बदलता येते. ग्राफिक्सचा निर्णय मात्र या जातीचा नाही. मेजावरील संगणकात ग्राफिक्स कार्ड हे खरोखरीच एक कार्ड असते. ते खाचेतून काढून त्या जागी दुसरे घालता येते. लॅपटॉपमध्ये ‘कार्ड’ हा शब्द केवळ रूढीने राहिला आहे. तेथे ती एक चिप असते, आणि ती आपल्या मेमरीसह मदरबोर्डवर डाख देऊन कायमची बसविलेली असते. खरेदीच्या दिवशी जे घेतले ते यंत्राच्या अखेरपर्यंत सोबत राहते. जे घेतले नाही ते पुढे सहसा घेता येत नाही. स्वतंत्र ग्राफिक्स असलेल्या व नसलेल्या यंत्रांच्या किंमतींतील अंतर बहुधा पाच आकडी रकमेत मोजावे लागते, आणि ही रक्कम पुष्कळदा विद्यार्थ्याच्या घरच्या बचतीतून किंवा हप्त्यांतून उभी राहते. असे असूनही या खरेदीचा निर्णय दुकानदाराच्या एका वाक्यावर होतो : ‘गेम खेळणार असाल तर कार्ड लागेलच.’ हे वाक्य कितपत खरे आहे, हे तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभी ‘करमणुकीपुरता खेळ’ म्हणजे काय हे ठरवून घेतले पाहिजे. दिवसभराचे वाचन-लेखन आटोपल्यावर तास-दीड तास खेळणारा, स्पर्धेत न उतरणारा, आणि चित्राची बारकाई थोडी उणी झाली तरी ज्याचा रसभंग होत नाही, असा खेळाडू येथे अभिप्रेत आहे. बुद्धिबळ, माइनक्राफ्ट, स्टारड्यू व्हॅली, मित्रांसमवेत काउंटर-स्ट्राइक किंवा व्हॅलोरंट, क्वचित दहा वर्षांपूर्वीचा एखादा मोठा खेळ, असा त्याचा व्याप समजावा. नव्याने प्रसिद्ध झालेला प्रत्येक खेळ पहिल्याच आठवड्यात उच्चतम प्रतीच्या चित्रासह खेळावयाचा, अशी ज्याची आकांक्षा आहे, त्याचा विचार वेगळा करावा लागेल. तो पुढे येईल.

अंगभूत ग्राफिक्सविषयी जे प्रतिकूल मत रूढ आहे, ते एके काळी यथार्थ होते. १९९९ मध्ये इंटेलच्या ८१० या चिपसंचात ग्राफिक्स अंतर्भूत झाले तेव्हा त्याचे काम खिडक्या, अक्षरे व तक्ते दाखविण्यापुरतेच होते. २०११ मध्ये इंटेलच्या सँडी ब्रिज प्रोसेसरांत व एएमडीच्या लानो प्रोसेसरांत ग्राफिक्स हे मुख्य प्रोसेसराच्याच चकतीवर आले. तेथपासून परिस्थिती पालटू लागली. २०२० मध्ये आलेल्या इंटेलच्या आयरिस एक्सई या अंगभूत ग्राफिक्समध्ये, पूर्ण आवृत्तीत, ९६ कार्यघटक आहेत. प्रत्येकात आठ याप्रमाणे ७६८ गणक झाले. सेकंदाला सुमारे १.३ अब्ज स्पंदने व प्रत्येक स्पंदनास दोन क्रिया धरल्या, तर दर सेकंदास अदमासे दोन लक्ष कोटी दशांशक्रिया होतात. २०१६ मधील एनव्हिडियाचे जीटीएक्स १०५० हे कार्ड घ्या. त्यात ६४० गणक होते, आणि त्याची कागदावरील गणनशक्ती याहून किंचित उणीच भरते. म्हणजे जे कार्ड त्या वर्षी निव्वळ खेळासाठी विकत घेतले जात असे, त्याच्या तोडीची गणनशक्ती चार वर्षांनी साध्या प्रोसेसराच्या पोटात आली.

मग प्रत्यक्षात हे अंगभूत ग्राफिक्स त्या कार्डाच्या मागे का पडते? या प्रश्नाचे उत्तर गणकांत सापडत नाही; ते मेमरीत आहे. ही गोष्ट खरेदीच्या चर्चेत जवळजवळ कधीच येत नाही, म्हणून तिचा विचार थोडा विस्ताराने करू.

मेमरीतून दर सेकंदास किती माहिती ये-जा करू शकते, या मापास बँडविड्थ म्हणतात. ज्यास डीडीआर४-३२०० म्हणून ओळखले जाते ती रॅम सेकंदास ३२० कोटी वेळा, प्रत्येक वेळी आठ बाइट, याप्रमाणे माहिती देते. एका मार्गिकेची बँडविड्थ ही अशी २५.६ गिगाबाइट होते; दोन मार्गिका असतील तर ५१.२. अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. त्यास याच रॅमवर, तीही प्रोसेसरासह वाटून घेऊन, निर्वाह करावा लागतो. याउलट जीटीएक्स १०५० ची स्वतःची मेमरी होती व तिची बँडविड्थ ११२ गिगाबाइट होती. आरटीएक्स ४०५० या अलीकडील लॅपटॉप-चिपेची १९२ आहे. स्वतंत्र ग्राफिक्समध्ये ‘स्वतंत्र’ या शब्दाचा मुख्य अर्थ हाच होय. चिप वेगळी असण्यापेक्षा तिची मेमरी वेगळी असण्याला अधिक महत्त्व आहे.

आता या आकड्यांचा संबंध पडद्यावरील चित्राशी लावून पाहू. १९२० गुणिले १०८० या पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात. सेकंदास ६० फ्रेम दाखवावयाच्या तर दोन मार्गिकांच्या रॅममधून प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला सुमारे ४१० बाइट येतात. एकाच मार्गिकेची रॅम असेल तर त्याच्या निम्मे, म्हणजे २०५ च्या आसपास. १९२ गिगाबाइटच्या कार्डावर हा वाटा सुमारे १,५४० होतो. पिक्सेलचा अंतिम रंग साठविण्यास चार बाइट पुरतात हे खरे. परंतु तो रंग ठरविण्यासाठी पृष्ठभागांचे नमुने, खोली, छाया, पारदर्शकता यांची वाचने व लेखने पुनःपुन्हा करावी लागतात, आणि जसजसा खेळ नटवा तसतशी ही उलाढाल वाढते. चिपेतील कॅशमुळे व माहितीच्या संक्षेपणामुळे या ओझ्याचा बराच भाग हलका होतो, म्हणून हे आकडे काटेकोर भाकीत म्हणून न घेता तुलनेपुरतेच घ्यावेत.

परंतु तुलनेपुरते घेतले तरी त्यांतून एक लक्षणीय गोष्ट निघते. पडद्यावरील चित्र १२८० गुणिले ७२० या मापाचे केले की पिक्सेलांची संख्या ९,२१,६०० वर येते, म्हणजे सव्वादोन पटींनी घटते. फ्रेमची अपेक्षा ६० वरून ३० वर आणली की आणखी निम्मी बचत होते. या अटींवर दोन मार्गिकांच्या साध्या रॅममधून प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला सुमारे १,८५० बाइट येतात. वरील कार्ड मोठ्या चित्रावर ६० फ्रेम देताना जे १,५४० बाइट पुरविते, त्याहून हे अधिकच आहेत. यावरून अंगभूत ग्राफिक्स त्या कार्डाइतके समर्थ आहे असे सिद्ध होत नाही. गणनशक्तीचा प्रश्न उरतोच. मात्र ‘चालेल की नाही’ हा प्रश्न यंत्राविषयी जितका आहे तितकाच आपण यंत्राकडे काय मागतो याविषयीही आहे, हे त्यावरून स्पष्ट व्हावे. पंधरा इंची पडद्यावर ७२० व १०८० या दोन चित्रांतील भेद दिसत नाही असे नाही. पण तास-दीड तासाच्या खेळात तो किती जाणवतो व त्यासाठी किती रक्कम मोजावी, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे.

बाजारातील एक रीत येथे नमूद करणे अगत्याचे आहे. स्वस्त लॅपटॉपांत आठ गिगाबाइटची एकच पट्टी बसवून दिलेली असते व दुसरी खाच रिकामी असते. अशा यंत्रात एकच मार्गिका चालू राहते व ग्राफिक्सची बँडविड्थ अर्धी होते. इंटेलने तर ‘आयरिस एक्सई’ हे नावच दोन मार्गिकांच्या मेमरीशी बांधून ठेविले आहे. एकच पट्टी असली म्हणजे तोच प्रोसेसर आपल्या ग्राफिक्सचे नाव केवळ ‘यूएचडी ग्राफिक्स’ असे दाखवितो. चिप तीच, गणक तेच; पट्टी एक की दोन एवढ्यावर नाव ठरते! अंगभूत ग्राफिक्सची जी निंदा ऐकू येते, तिच्यातील पुष्कळ भाग या एकपट्टी यंत्रांवरील अनुभवातून आला असावा असे आम्हांस वाटते. शिवाय विंडोज प्रणाली अंगभूत ग्राफिक्सला एकंदर रॅमच्या सुमारे निम्म्यापर्यंत वापर करू देते. आठ गिगाबाइटच्या यंत्रात प्रणाली व ब्राउझर यांनी आपला वाटा घेतल्यावर खेळासाठी उरते काय, याचा अंदाज वाचकांनीच करावा. खोक्यावर ‘ग्राफिक्स मेमरी ४ जीबी’ असे छापलेले असले तरी ती मेमरी कार्डाची स्वतःची की रॅममधून उसनी घेतलेली, हे विचारून घेणे बरे.

याच हिशेबाची दुसरी बाजूही पाहण्याजोगी आहे. एनव्हिडियाने २०१७ मध्ये एमएक्स १५० ही चिप आणून लॅपटॉपांसाठी एक हलकी माला सुरू केली. त्या मालेतील २०२० ची एमएक्स ३५० घ्या. तिची स्वतःची मेमरी दोन गिगाबाइट व बँडविड्थ सुमारे ५६ गिगाबाइट होती. दोन पट्ट्यांच्या साध्या रॅमपेक्षा ती जेमतेम एक-दशांशाने अधिक भरते. ही बँडविड्थ प्रोसेसरासह वाटून घ्यावी लागत नसे, एवढा लाभ खरा; परंतु ज्याने केवळ ‘कार्ड आहे’ या शब्दावर जादा किंमत मोजली, त्याच्या पदरात फारसे काही पडले नाही. वापरलेल्या लॅपटॉपांच्या बाजारात अशी यंत्रे अजून आढळतात, म्हणून हा उल्लेख.

आतापर्यंतचे विवेचन आकड्यांचे झाले. महाराष्ट्रातीलच एक उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने निर्माण केलेला ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम निन्टेन्डो स्विच या हातात धरावयाच्या यंत्रावर प्रसिद्ध झाला, संगणकावर तो त्याच वर्षी ऑक्टोबरात आला. प्राचीन भारताच्या पार्श्वभूमीवरील या खेळात राजस्थानी धाटणीचे महाल, भित्तिचित्रे व देवदेवतांच्या कथा आहेत. अनरिअल इंजिन ४ या साधनावर तो रचलेला असून दिसावयास मुळीच दरिद्री नाही. ज्या यंत्रावर तो प्रथम अवतरला, त्या मूळच्या स्विचमध्ये प्रोसेसर व ग्राफिक्स एकाच चिपेवर आहेत, गणक २५६ आहेत, आणि दोहोंमिळून मेमरी चार गिगाबाइट आहे. तिची बँडविड्थ फार तर २५.६ गिगाबाइट, म्हणजे आपल्या निंदित एकपट्टी लॅपटॉपाइतकीच! खेळ हाती धरून खेळताना स्विचचा पडदा १२८० गुणिले ७२० चा असतो. निर्मात्यास एकच ठराविक यंत्र डोळ्यांपुढे ठेवून खेळ बेतता येतो, हा स्विचचा लाभ लॅपटॉपास मिळत नाही, हे मान्य केले पाहिजे. तरीही वाटून घेतलेल्या मेमरीवर, थोड्या वॅटांत, सुंदर व खेळण्याजोगे चित्र उभे करता येते एवढे या उदाहरणावरून निर्विवाद ठरते. व्हाल्व कंपनीने फेब्रुवारी २०२२ पासून विक्रीस आणलेले स्टीम डेक हे यंत्रही याच तत्त्वावर आहे. त्यात स्वतंत्र कार्ड नाही. मेमरी प्रोसेसर व ग्राफिक्स यांत सामाईक असून मूळ आवृत्तीत तिची बँडविड्थ ८८ गिगाबाइट आहे, चिप ४ ते १५ वॅटांवर चालते, आणि पडदा १२८० गुणिले ८०० चा आहे.

वॅटांचा उल्लेख आलाच आहे, तेव्हा उष्णतेकडे वळू. लॅपटॉपातील स्वतंत्र ग्राफिक्सच्या नावावरून त्याची शक्ती कळत नाही. आरटीएक्स ३०५० या एकाच नावाची लॅपटॉप-चिप निर्मात्याच्या मर्जीनुसार ३५ वॅटांपासून ८० वॅटांपर्यंत बेतलेली असते. आरटीएक्स ४०५० ३५ पासून ११५ पर्यंत. नाव तेच असले तरी सडपातळ यंत्रात ती बांधून घातल्यासारखी चालते. त्यातून आपले हवामान. चिपेचे कमाल तापमान १०० अंश धरले, तर २२ अंशांच्या वातानुकूलित खोलीत ती व भोवतालची हवा यांत ७८ अंशांचा फरक असतो. मे महिन्यात माजिवड्यातील, वातानुकूलन नसलेल्या एखाद्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत तापमान ३५ अंश असेल तर हा फरक ६५ वर येतो. उष्णतेचा निचरा स्थूलमानाने या फरकाच्या प्रमाणात होतो. त्यामुळे पहिल्या खोलीत जे यंत्र ६० वॅट बाहेर टाकू शकते, ते दुसऱ्या खोलीत ५० वॅटच टाकू शकेल. उरलेल्या दहा वॅटांइतका वेग यंत्र आपण होऊन कमी करते. घोडबंदर रस्ता व मुंबई-नाशिक महामार्ग जेथे एकमेकांस मिळतात, त्या माजिवडा नाक्याच्या आसपास राहणाऱ्यांस धुळीविषयी निराळे सांगावयास नको. पंख्याच्या पात्यांवर व जाळीत ती साचली की हा निचरा आणखी घटतो. पंधरा-वीस वॅटांवर चालणाऱ्या अंगभूत ग्राफिक्सच्या यंत्रालाही हे नियम लागू आहेतच. पण तेथे मुळात टाकावयाची उष्णताच थोडी.

वजनाचा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल. मुंबई विद्यापीठाचे ठाणे उपकेंद्र माजिवड्यापासून जवळ, बाळकुमला आहे. परंतु या भागातून कलिना येथील विभागांत जाणाऱ्या विद्यार्थ्याचा मार्ग रिक्षा किंवा बस, ठाणे स्थानक, लोकल, कुर्ला आणि पुन्हा बस असा आहे. गर्दीच्या वेळी पाठीवरची पिशवी पोटाशी धरून उभे राहावे लागते. खेळासाठीच्या लॅपटॉपचे वजन बहुधा दोन किलोंच्या वर असते, आणि १८० किंवा २३० वॅटांचा त्याचा चार्जर ही एक वीटच असते. ती घरी ठेवून जावे तर यंत्र दिवसभर टिकत नाही. ५० वॅट-तासांची बॅटरी २० वॅटांच्या खर्चावर अडीच तास पुरते. स्वतंत्र चिपेसह खर्च ८० वॅटांवर गेला तर तिला चाळीस मिनिटेही पुरी होत नाहीत. बॅटरी वाढवावी म्हटले, तर विमानप्रवासाच्या नियमांतील १०० वॅट-तासांची मर्यादा आड येते. म्हणून कोणताही निर्माता सहसा तिच्यापलीकडे जात नाही.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे. काही खेळांना स्वतंत्र कार्डावाचून गत्यंतर नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ या खेळाने प्रकाशकिरणांचा मागोवा घेणारी यंत्रणा चिपेतच असण्याची अट घातली व किमान म्हणून आरटीएक्स २०६० सुपर हे कार्ड सांगितले. अशा खेळांची संख्या वाढत जाणार, यात संशय नाही. स्पर्धात्मक खेळाचीही गोष्ट निराळी. व्हॅलोरंट हा खेळ २०२० मध्ये आला तेव्हा निर्मात्यांनी ३० फ्रेमसाठी इंटेल एचडी ४००० हे २०१२ चे अंगभूत ग्राफिक्स पुरेसे म्हटले होते, परंतु १४४ फ्रेमसाठी जीटीएक्स १०५० टीआय सुचविले होते. सेकंदाच्या शतांशावर ज्याची हार-जीत ठरते त्याने हा दुसरा आकडा पाहावा. आपल्या व्याख्येतील खेळाडूस पहिल्याच्या थोडे पुढे गेले की पुरते. येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. आंतरजालावरील खेळात हालचाल अडखळू लागली की दोष ग्राफिक्सला दिला जातो. पुष्कळदा तो जोडणीच्या विलंबाचा असतो, आणि माइनक्राफ्टसारख्या खेळांत प्रोसेसराच्या एकाच गाभ्यावर पडलेल्या भाराचा. या दोहोंवर कोणतेही कार्ड इलाज करू शकत नाही.

आमच्या वाचकांपैकी काहींच्या मनात एक वेगळेच समर्थन असते, व घरच्या वडीलधाऱ्यांपुढे तेच मांडले जाते : ‘कार्ड संशोधनालाही लागेल.’ एनव्हिडियाने २००७ मध्ये कूडा ही प्रणाली प्रसिद्ध केल्यापासून ग्राफिक्स चिपेवर वैज्ञानिक गणिते करणे शक्य झाले, आणि यंत्र-अध्ययनाचा बराच व्यवहार आज तिच्यावर अवलंबून आहे, हे खरेच. ज्याचा प्रबंधविषयच तो आहे त्याने कार्ड अवश्य घ्यावे, आणि घेताना त्याची मेमरी किती हे प्रथम पाहावे, कारण चार गिगाबाइटमध्ये आजची मोठी प्रतिमाने मावत नाहीत. परंतु मराठी, इतिहास, अर्थशास्त्र, किंबहुना बहुतांश सांख्यिकी यांच्या अभ्यासकास त्याचा उपयोग वर्षातून दोन-चार दिवस व्हावयाचा. तेवढ्यापुरते गूगल कोलॅबसारख्या सेवेवर, उपलब्धतेनुसार, विनामूल्य काम भागते. खेळाची हौस संशोधनाच्या खाती मांडण्याने हिशेब जुळत नाही. हौसेसाठीच कार्ड घ्यावयाचे असेल तर तसे म्हणून घेण्यास कोणाचीच हरकत असू नये.

तेव्हा ज्यास करमणुकीपुरते खेळावयाचे आहे त्याने दुकानात काय पाहावे? कार्डाऐवजी १६ गिगाबाइट रॅम पाहावी, आणि ती दोन मार्गिकांवर आहे याची खात्री करावी. रॅम डाख देऊन बसविलेली असेल तर सोळाहून कमी घेऊ नये, कारण पुढे ती वाढविता येणार नाही. खाचा असतील तर एक पट्टी आज व दुसरी सवडीने घेता येते. दोन यंत्रांची किंमत सारखीच असेल तर डीडीआर५ किंवा एलपीडीडीआर५ मेमरीचे निवडावे. अंगभूत ग्राफिक्सचे नेमके नाव विचारावे. २०२२ च्या रायझन ६००० मालेपासून आलेली एएमडीची ६८० एम व पुढे ७८० एम ही या कामी विशेष चांगली आहेत, पण एएमडीच्या स्वस्त प्रोसेसरांत ती नसतात. दुकानात यंत्र चालू करून टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर किती खाचा भरलेल्या आहेत ते पाहण्यास एक मिनिटही लागत नाही.

आणि ज्याच्याकडे एकपट्टी लॅपटॉप आधीपासूनच आहे, त्याने नव्या यंत्राच्या विचारास लागण्यापूर्वी त्याच वेगाची व त्याच आकारमानाची दुसरी पट्टी बसवून पाहावी, जाळीतील धूळ काढून घ्यावी, आणि खेळाच्या मांडणीत जाऊन चित्र ७२० वर आणावे. छाया कमी कराव्यात. पृष्ठभागांचे नमुने मध्यम ठेविले तरी चालतात.